सिद्धम्मानं घराला जीप जुंपली

मुरुम गावात सिद्धम्माचं घर कुठंय असं कुणी विचारलं की लोक आधी उलट विचारायचे, कुठलं, बसलेलं का चालतं? कारण सिद्धम्माला घरं होती दोन. एक पेठेच्या मागं, सगळ्यांचं असतं तसं. आणि दुसरं चाकावरचं! निजामाच्या राज्यातली एक बस मोडीत निघाली होती. तिचं इंजिन कुणी नेलं, सीटा कुणी नेल्या, उरलं नुसतं पत्र्याचं धूड, ते सिद्धम्मानं उचललं. त्याला खाली मधोमध एकच जाडजूड आस बसवला, ट्रकची दोन जुनी चाकं लावली, पुढं बैल जुंपायला दांडा, आणि झाली की फिरती खानावळ! खिडक्यांतून ताटं द्यायची, दारातून माणसं घ्यायची.

आत छपराजवळ उर्दूत काहीतरी लिहिलेली एक पाटी तेवढी राहिली होती. सिद्धम्माला वाटायचं जुनं काहीतरी देवाधर्माचं असणार, म्हणून ती रोज सकाळी त्या पाटीला हळदकुंकू लावून हात जोडायची. तिचा नवरा शांतलिंग निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला. पाटीवर 'बिडी ओढू नये' असं लिहिलंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण बाई एवढ्या भक्तीनं हात जोडते, कशाला सांगा!

तर असा शांतलिंग. नावासारखा शांत. आणि सिद्धम्मा म्हणजे उंचीनं बेताची पण आवाजानं अजिबात बेताची नाही. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजल्या डाळी-मसाल्याच्या पुडीची आमटी, ज्वारीची पापुद्रा सुटलेली भाकरी आणि शेंगाची चटणी खायला लोक जत्रेत देवाच्या आधी तिला शोधायचे. आणि तिच्या चाकावरच्या घराला कुणी हसलं की ती म्हणायची, "खंडोबा अणदूर सोडून नळदुर्गाला ऱ्हायला येतो, परत अणदूरला जातो. देवच घर बदलतो तर माझ्या घराला चाकं असली म्हणून तुझ्या पोटात का दुखतं?"

आता खरी गोष्ट. नळदुर्गच्या खंडोबाची पौषातली जत्रा म्हणजे सिद्धम्माचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. तिथं विहिरीजवळ एक चिंचेचं झाड. सावली पण आणि पाणी पण, त्यामुळं खानावळीला ती जागा म्हणजे सोनं. त्या जागेवर हक्क सांगणाऱ्या दोघी होत्या. एक सिद्धम्मा आणि दुसरी तिची थोरली जाऊ मल्लम्मा. पूर्वी दोघी एकाच चुलीवर रांधायच्या. मग आमटीत गूळ घालायचा का नाही यावरनं असं काही भांडण पेटलं की घर फुटलं, चुली वेगळ्या झाल्या, खानावळी दोन झाल्या. सासरा वैतागला आणि त्यानं मरायच्या आधी निकाल देऊन टाकला. जत्रेच्या आदल्या दिवशी चिंचेखाली जिच्या चुलीचा धूर आधी निघंल, त्या साली जागा तिची. बास. भांडायचं न्हाय.

सासरा गेला, निकाल राहिला. आणि दरसाल जागा मल्लम्माची! कारण मल्लम्माची साधी छकडागाडी आणि तिचे बैल म्हणजे वारा. सिद्धम्माचे बैल ते बसचं धूड ओढता ओढता मेटाकुटीला यायचे. गेल्या साली तर ते जळकोटात रस्त्यातच बसले, उठेनात. सिद्धम्मा पोचली तेव्हा मल्लम्माची अर्धी जेवणावळ उठली होती. वर मल्लम्मानं काय करावं? स्वतःच्या नवऱ्याच्या, म्हणजे बलभीमच्या हातून दोन भाकऱ्या पाठवल्या. "धाकटी दमून आली आसंल, उपाशी झोपू नकु म्हणावं."

झालं! सिद्धम्मा त्या भाकऱ्या घेऊन तशीच चिंचेखाली गेली.

"अक्का! ह्या घ्या तुमच्या भाकऱ्या. पुढल्या साली तुमच्या आधी धूर न्हाय काढला तर सगळी जत्रा तुमच्या चुलीपुढं बसून भाकरी थापीन!"

मल्लम्मानं तव्यावरची भाकरी उलटली, मान वर न करता म्हणाली, "नुसतं तोंडानं काय बोलतीस सिद्धे? उचल भंडारा."

सिद्धम्मानं मूठभर भंडारा उचलला. मल्लम्मानं पण उचलला. "आन् म्या हरले तर म्या थापीन तुझ्या चुलीपुढं," ती म्हणाली आणि वर हसली, म्हणजे हे काय होणार आहे थोडंच! खंडोबाचा भंडारा उचलून बोललेलं परत घेता येत नाही. जावेच्या चुलीपुढं, सगळ्या मुलखासमोर, चाकरीला बसल्यासारखं भाकरी थापायची! घरी येताना सिद्धम्मा गप्प होती. शांतलिंगला तर गाडीतनं उडी टाकून पळावं वाटलं, ती गप्प बसायची म्हणजे काय!

मुरुमची वेस आली तशी ती बोलली. "बैल न्हाय. यंदा मोटार."

वर्षभर मग एकच विषय. कुठली मोटार? लोकांनी सल्ले दिले, अमकीचं इंजिन भारी, तमकीची चाकं भारी. सिद्धम्माला त्यातलं काही कळायचं नाही आणि कळून घ्यायचं पण नव्हतं. तिनं आपली परीक्षा काढली. चाकावरच्या घरात मधोमध काठोकाठ भरलेलं आमटीचं पातेलं ठेवायचं, मोटार जुंपायची, वेशीपासनं बाजारापर्यंत आणि परत. जिच्यामागं आमटी कमी सांडंल ती मोटार आपली. शांतलिंग म्हणाला, "अगं पण ओझं किती पेलतंय ते आधी..." तिनं बघितलं. तो पातेलं आणायला उठला.

पहिला आला उमरग्याच्या एका अडत्याचा मिलिटरीच्या लिलावातला ट्रक. केवढा थोरला! त्याच्या मागच्या आकड्याला दांडा लावायचा तर दांडा माणसाच्या छातीएवढा वर उचलावा लागला, त्यामुळं सगळं घर मागं कललं, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या उंटासारखं. ट्रक हलला आणि आमटी ओघळत मागच्या दारातनं बाहेर! बाजारातनं वरात निघाली, पुढं ट्रक, मागं घर आणि त्याच्या मागं गावातली सगळी कुत्री जिभा काढून. ट्रक नापास.

दुसरा आला माकणीच्या एका पाहुण्याचा ट्रॅक्टर. ढोकीच्या कारखान्याला ऊस घालायला म्हणून नवा घेतलेला. ओढायला म्हणाल तर त्यानं मुरुमची वेस ओढली असती, पण चाल! एक म्हातारी पाण्याला निघाली होती, ती ट्रॅक्टरच्या पुढं गेली, आडावर बोलत बसली, घागर भरून परत आली तरी ट्रॅक्टर आपला तिथंच धडधडतोय. वर तो एवढा थरथरायचा की परत आल्यावर सिद्धम्मानं पातेल्यात डोकावून बघितलं तर वर नुसता फेस.

"पाहुणं, म्या आमटी ठिवली हुती. तुमी ताक करून दिलं."

पाहुणा रागावला. "वैनी, ट्रॅक्टर हाय हे! लोणी काढायला न्हाय आणला!"

"मंग घिऊन जावा. लोणी बी न्हाय निघालं."

आणि मग आली आण्णासाहेबांची जीप.

आण्णासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पोटानं पण मोठे. त्यांची जीप साधी नव्हती, मागं माल टाकायला उघडा हौदा असलेली, हिरवीगार, आणि भाऊ नावाचा त्यांचा ड्रायव्हर तिला रोज अशी पुसायचा की माशी बसली तर घसरावी. जीपच्या मागं घर जोडलं, पातेलं ठेवलं, भाऊनं वेशीपासनं बाजारापर्यंत आणि परत असं अलगद नेऊन आणलं की आमटीवरची तर्रीसुद्धा हलली नाही! सिद्धम्मानं पातेल्याभोवती बोट फिरवून बघितलं, कोरडं. तिनं तिथल्या तिथं जीपच्या नाकाला हळदकुंकू लावलं.

शांतलिंग जीपभोवती फिरला. हौद्याच्या कडेला हात टेकून त्यानं जरा दाबलं. जीप मागनं खाली बसली. हात काढला, वर आली. तो म्हणाला, "भाऊ, ही ओढती ते दिसलं. पर पेलंल का? घर पण मागं, हौद्यात पण माल, माणसं पण."

"शांतलिंगअप्पा, ओढंल ती पेलंल की! जीप हाय, शेळी न्हाय."

आणि आण्णासाहेबांनी मिशीला पीळ देऊन एकच अट घातली. "जीप आमची. पुढल्या सीटवर आमी. फेटा बांधून."

एवढंच होय! सिद्धम्मा म्हणाली, बसा की.

आता खरी चूक कुठं झाली बघा. परीक्षा झाली तेव्हा घर होतं रिकामं. आत पातेलं आणि सिद्धम्मा, एवढंच. जत्रेच्या आधी मात्र सिद्धम्माच्या डोक्यात आलं की दरसाल आपण पोचल्यावर खाली उतरून दगड मांडतो, चूल घालतो, त्यात वेळ जातो. यंदा चूल घरातच घालायची. गेल्या गेल्या काडी ओढली की धूर! कल्पना झकासच होती. पण चूल घालायची कुठं? आग्नेय कोपऱ्यात! अग्नीची जागा ती. तिच्या आईनं घातली, सासूनं घातली, चूल दुसरीकडं घातली तर घराला काय काय होतं ते तिला तोंडपाठ.

शांतलिंगनं पहिल्यांदाच जरा आवाज चढवला. "अगं, घर चाकावर हाय! वळणावर वळलं की तुझा आग्नेय कोपरा बी वळतो. येणेगुराला उजवीकडं जाईल, जळकोटाला डावीकडं."

"रस्त्यात का मला भाकरी थापायची हाय? नळदुर्गाला घर उगवतीला तोंड करून उभं ऱ्हातं. तितला आग्नेय त्यो आग्नेय!"

उगवतीला तोंड म्हणजे दांडा पूर्वेला, आणि आग्नेय कोपरा आला बरोबर दांड्याच्या बाजूला, अगदी पुढं. तिथं तिनं दगडांची, वर मातीची, शेजारी दोन भांडी चढतील अशी दोन औलांची, एवढी दणकट चूल घातली की ती बघून लोक म्हणाले हिच्यावर देवळाचं शिखर उभं राहील. मग चूल पुढं म्हणून पाण्याचं पिंप पुढं. पिंप पुढं म्हणून जातं पुढं. जात्याला चिकटून पाटा-वरवंटा, त्याच्यावर सरपण. बाई स्वयंपाकाला बसली की सगळं हाताशी पाहिजे ना! मागचा सगळा भाग झाडूनपुसून मोकळा, जेवणाऱ्यांसाठी.

निघायच्या दिवशी पहाटे हौद्यात पिठाची पोती पडली, शेंगांची पोती पडली आणि वर भावकी चढली. देवाला निघालेल्या गाडीत कुणी चढलं तर नाही म्हणायचं नसतं. आत्या चढल्या, मावश्या चढल्या, एक मामा तर बिऱ्हाड घेऊन चढले. मल्लम्मा आदल्या दिवशी संध्याकाळीच बैलगाडीनं निघून वाटेत मुक्कामाला थांबली होती, पण जीप म्हणजे जीप! येणेगुराच्या आत गाठू, भाऊ म्हणाला.

आण्णासाहेब फेटा बांधून पुढं बसले. भाऊनं जीप चालू केली. आणि जीपनं नाक वर केलं.

म्हणजे खरंच वर! मागनं दांडा दाबतोय, हौदा दाबतोय, शेपूट जमिनीला आणि तोंड आभाळाला. समोरची चाकं नुसती टेकल्यासारखी.

"भाऊ, ही वर का बघतीया?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"मालक, रुबाब हाय. देवाला निघालीय न्हवं!"

मालक खूश. पण पहिल्याच वळणावर भाऊनं स्टिअरिंग फिरवलं उजवीकडं, चाकं वळली उजवीकडं आणि जीप गेली सरळ! सरळ एका शिंप्याच्या दुकानाच्या ओट्याला जाऊन टेकली. शिंपी आतनं म्हणाला, "माप घ्यायचं हाय का?"

मग गर्दी. सल्ले. कुणी म्हणालं हवा भरा, कुणी म्हणालं लिंबू उतरवा. शेवटी भाऊनंच सांगितलं, पुढं वजन पाहिजे. आणि सगळ्यांनी, अगदी कुणी काही न बोलता, आण्णासाहेबांकडं बघितलं.

"काय बगताय?"

शेवटी सिद्धम्मा पुढं झाली. "आण्णासाहेब, पुढं बसायची अट तुमचीच. जरा आनखी पुढं बसा."

आणि मुलखात कुणी बघितलं नसेल असं ते दृश्य! हिरवी जीप, तिच्या बॉनेटवर गादी, गादीवर मांडी घालून फेटेवाले आण्णासाहेब, मागं हौद्यात भावकी, त्यामागं खिडक्यांचं पत्र्याचं घर. जीपचं नाक आलं खाली! फक्त भाऊला आता रस्त्याच्या जागी आण्णासाहेबांची पाठ दिसायची. मग आण्णासाहेब हात दाखवायचे, डावीकडं, उजवीकडं, आणि भाऊ तशी जीप वळवायचा.

ते निवडणुकीचे दिवस होते. येणेगुरात लोकांनी बघितलं, जीपच्या नाकावर बसून एक भरदार माणूस हात हलवत येतोय. कुठला उमेदवार, कुठला पक्ष, कुणी विचारलं नाही. हलगी वाजली! हार पडले! आण्णासाहेब म्हणत होते, "आरं, आमी उभं न्हाय, आमी वजन म्हणून बसलोय," पण हलगीत ऐकतो कोण. एकानं तर रस्त्याची मागणी पण केली. आण्णासाहेब म्हणाले, करू.

सिद्धम्मा आत तडफडत होती. "अवो, हार नंतर घाला! तिकडं माझी जाऊ पोचती!"

येणेगूर सुटलं आणि पुढं मल्लम्माची गाडी दिसली. भाऊनं हॉर्न मारला. सिद्धम्मानं खिडकीतनं अर्धं अंग बाहेर काढलं, पदर हलवला. "अक्काऽऽ! सावकाश या हं! चूल पेटवून वाट बगते!" मल्लम्मा तोंडात पदर धरून बघतच राहिली. बलभीमनं आपल्या धाकट्या भावाला, शांतलिंगला, हात केला. शांतलिंगनं पण केला, बायकोला दिसणार नाही असा.

काय तो आनंद! जळकोटापर्यंत टिकला. जळकोट सुटलं, चढ लागला आणि ओझं सगळं मागं रेललं. जीपनं नाक वर केलं ते आण्णासाहेबांसकट केलं! पुढची चाकं अधांतरी, वर आण्णासाहेब हारांसकट पाळण्यात बसल्यासारखे. "भाऊ! जिमीन कुटं गेली?" भाऊनं इंजिन बंद केलं आणि मागच्या चाकांना दगड लावले.

सगळ्यांनी ढकलून बघितलं. नाही. देवाचं नाव घेऊन ढकललं. नाही. ऊन चढायला लागलं. भावकी दमून परत हौद्यात जाऊन बसली. सिद्धम्मा चुलीजवळ जाऊन बसली. वर्षभर वाट बघितली, तीन मोटारी पारखल्या, आणि आता बसायचं मल्लम्माच्या चुलीपुढं. त्या जळकोटाच्या चढावर सिद्धम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. शांतलिंगनं ते बघितलं. लग्नापासून त्यानं तिला कांद्याशिवाय रडताना बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात मागनं घुंगरांचा आवाज आला. मल्लम्माचे बैल!

"आली गं बया आली!" हौद्यातली सगळी भावकी खाली उतरली आणि बघायला म्हणून घरात घुसली, मागच्या दाराशी. आत्या, मावश्या, मामा, सगळे दारात चेंगरले. आणि पुढं धप्! जीपची चाकं जमिनीला टेकली. आण्णासाहेब बॉनेटवर फूटभर उडाले. "मेलो!"

बैलगाडी शेजारनं जायला लागली. मल्लम्मा हसून हसून गाडीच्या दांडीला धरून बसलेली. "सिद्धे! मोटार का आभाळाला लावायची हाय? पीठ मळून ठिव गं, हात सरावाचा ऱ्हाईल!"

तिला उत्तर द्यायला अख्खी भावकी दारातनं पुढच्या खिडक्यांकडं पळाली आणि जीपनं परत नाक वर केलं. "आरं भाड्यांनो!" आण्णासाहेब ओरडले. "एका जागी बसा की!"

सिद्धम्मानं डोळे पुसले. ती उठली. दोन पावलं मागं गेली, पुढं आली. पुढचं दाबलं की जीप वर, मागचं दाबलं की जीप खाली. तिच्या ध्यानात आलं. कंबरेवरच्या घागरीचा तोल कळतो आणि एवढं कळू नये!

"अवो! समदं मागं न्या! पिंप मागं, जातं मागं, पोती मागं! आत्याबाय, तुमी बी मागं!"

"आन् चूल?" शांतलिंगनं विचारलं.

"चूल हाय तिथंच ऱ्हाईल. आग्नेय हाय ती."

मग शांतलिंगनं काम हातात घेतलं. बोलत नसला तरी त्याला हात टेकून ओझं बघायची सवय होतीच. पिंप मागं गेलं, जातं गेलं, पोती गेली, भावकी गेली. आता जीपचं शेपूट वर व्हायला लागलं! "थांबा थांबा. आत्या, वाईच पुढं सरका. आनखी. बास! मामा, हलू नका. नळदुर्ग येईस्तवर कुणी उठायचं न्हाय, शिंक आली तर मधोमध बसून शिंका." चाकं टेकली. भाऊनं इंजिन चालू केलं, वळवून बघितली. वळते!

"मालक, आता उतरा खाली. वजन नको."

आण्णासाहेबांनी हार नीट केले. "उतरत न्हाय. पुढं आनखी गावं हायत."

आणि निघाले! पण मल्लम्मा केव्हाच पुढं गेलेली. तिचे बैल आता नळदुर्गाच्या वेशीत असणार. पोचून काडी ओढायची म्हटली तरी उशीर. सिद्धम्मा चुलीकडं बघत राहिली आणि मग सरपणाच्या मोळीची गाठ तिनं तिथंच सोडली.

"सिद्धे, काय करतीस?" शांतलिंग मागनं ओरडला. उठता येत नव्हतं त्याला, तोल जाईल म्हणून.

"पेटवते!"

"चालत्या घरात?"

"चालत्या न्हाय, पळत्या!"

तिनं चूल पेटवली. फुंकणीनं असं फुंकलं की जाळ आधी तिच्याकडंच आला. घरभर धूर! खिडक्यांतनं धूर, दारातनं धूर, भावकीची डोकी खिडक्यांतनं बाहेर, सगळी खोकतायत पण जागा कुणी सोडत नाही. हळदकुंकवानं माखलेल्या उर्दू पाटीखाली धुराचे ढग. शांतलिंगला खोकता खोकता हसू आवरेना, का ते त्यानं आजतागायत कुणाला सांगितलं नाही.

इकडं मल्लम्मा चिंचेखाली पोचली होती. पेटवायला किती वेळ लागतो? पण तिनं जळकोटाचा चढ बघितला होता, जीपचं वर झालेलं तोंड बघितलं होतं, कशाला घाई! तिनं बैल सोडले, पाय धुतले, तीन दगड मांडले, त्यांना कुंकू लावलं. मग येणारा-जाणारा थांबवून ती गोष्ट सांगायला लागली. "आन् आण्णासाहेब असे वर! असे! जणू मारुती उडाला!" ती हात वर करून दाखवायची, लोक हसायचे, ती परत सांगायची. बलभीम म्हणाला, "अगं, काडी वड." ती म्हणाली, "थांबा हो, ह्यांचं ऐकून हूं द्या."

आणि तिसऱ्यांदा ती हात वर करून मारुती दाखवत होती तेव्हा लोक हसायचे थांबले. सगळे तिच्या मागं बघायला लागले. वेशीतनं काहीतरी येत होतं. पुढं हारात बुडालेला एक माणूस हातवारे करतोय आणि मागनं काळा कुळकुळीत धूर, आगगाडीसारखा! कुणी म्हणालं आग लागली. कुणी पाणी घेऊन पळालं. जीप चिंचेखाली येऊन थांबली. घराच्या खिडकीतनं काजळलेलं एक तोंड बाहेर आलं, नुसते दात पांढरे.

"अक्का! धूर बगा!"

मल्लम्मानं खाली आपल्या तीन दगडांकडं बघितलं. कुंकू लावलेले, गार. "हे... हे चालत न्हाय! चूल जाग्यावर पेटली पायजे! हिनं वाटंत पेटवली!"

"मामंजी काय म्हणाले हुते? धूर आधी निघंल तिची जागा. निघतुय का न्हाय धूर? का आनखी काढू?"

"ह्यो काय धूर हाय? ही आग हाय!"

भांडण असं रंगलं की जत्रेतले पाळणे थांबले. शेवटी सगळे बलभीमकडं वळले, थोरला तो. मल्लम्माचा नवरा. त्यानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "बाबानं धूर म्हणलं हुतं. तुला काडी वड म्हणलं हुतं म्या."

मल्लम्मा त्याच्याकडं बघत राहिली. मग आपल्या तळहाताकडं, ज्यानं भंडारा उचलला होता त्या. पदर खोचला, चाकावरच्या घराची पायरी चढली आणि सिद्धम्माच्या चुलीपुढं जाऊन बसली. लोक बघतच राहिले. सिद्धम्माला वाटलं होतं या घडीला आपण टाळ्या पिटू, नाचू. पण जाऊ अशी मुकाट्यानं येऊन बसलेली बघितली आणि तिलाच कसंतरी झालं. ती उगाच परात पुसत उभी राहिली.

मल्लम्मानं पिठात पाणी घातलं, मळलं, पहिली भाकरी थापली, तव्यावर टाकली. मग चुलीत डोकावली.

"ही चूल कुणी घातली?"

"म्या."

"दगड वाकडा बसलाय ह्यो. जाळ समदा एका बाजूला जातुय. अर्धी भाकरी करपंल, अर्धी कच्ची ऱ्हाईल. त्यो चिमटा दे. आन् आमटीत गूळ घातलास का?"

"न्हाय. आन् घालणार बी न्हाय!"

"म्हणून पातळ लागती! आण इकडं."

पहिली पंगत बसली, उठली, दुसरी बसली. मल्लम्माच्या भाकरीला पोपडा असा सुटायचा की लोक नुसतीच भाकरी मागून खायचे. खिडकीशी गर्दी मावेना. संध्याकाळपर्यंत कुठल्या भांड्यात काय ठेवायचं, आधी कुणाला वाढायचं, शांतलिंगनं कुठं उभं राहायचं, सगळं मल्लम्मा बसल्या जागेवरनं ओरडून सांगत होती आणि सिद्धम्मा ताटं घेऊन नुसती धावत होती. आण्णासाहेब हार घालूनच जेवायला बसले. चौथी भाकरी मोडत त्यांनी विचारलं, "काय गं सिद्धम्मा, आता ही खानावळ नेमकी कुणाची म्हणायची?"

सिद्धम्मानं कंबरेवर हात ठेवले, छाती पुढं काढली. "कुणाची म्हंजी? धूर माझा आधी निघालाय, जागा माझी, खानावळ..."

"सिद्धे!" आतनं आवाज आला. "आधी पाणी आण, पिंपात तळ दिसाय लागलाय. मंग सांग त्यास्नी."

सिद्धम्मानं घागर उचलली. विहिरीपर्यंत ती तोंडानं मल्लम्माच्या सात पिढ्या मोजत गेली, आणि पाणी शेंदताना तिला एवढं हसू फुटलं की दोर हातातनं सुटून बादली विहिरीत पडली.